सायकलवरची सवारी

माझा स्वभाव आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. शुद्धलेखनावरून मी भाजीवाल्याशी भांडलेली बाई आहे. त्याच्या पाटीवर 'ताजी भाजि' असं होतं. त्याच्याच खडूनं मी वेलांटी दुरुस्त करून दिली, तर तो म्हणतो, "बाई, वेलांटी फिरवल्यानं मेथी हिरवी होणार न्हाय." मी त्या दिवशी मेथी घेतली नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत मी तीस वर्षं मराठी शिकवलं. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलींच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी दखनी, एखादीच्या घरी कन्नड. मराठी त्यांना दोन ठिकाणी भेटायची, माझ्याकडे आणि रस्त्यावर. या दोन मराठींचं आपसात कधी पटलं नाही. रस्त्यावरची मराठी वहीत उतरली की मी लाल पेनानं तिच्याभोवती गोल काढायची आणि शुद्ध शब्द दहा वेळा लिहून आणायला सांगायची. माझ्या हातून किती गोल निघाले असतील, देव जाणे.

निवृत्त झाल्यावर साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला. चालायचा मला कंटाळा, म्हणून माळ्यावरची जुनी लेडीज सायकल काढली, पुढे टोपली लावली, आणि सकाळी तळ्याकाठी फिरणाऱ्या सायकलवाल्यांच्या गटात जाऊ लागले. गटाचे म्होरके एक दातांचे डॉक्टर. माझ्या तोंडात जेवढे दात उरले होते त्याहून जास्त गिअर त्यांच्या सायकलीला. पण माणूस लाघवी. मी मागे पडले की थांबायचे आणि म्हणायचे, "मॅडम, तुमच्यामुळे आम्हाला तळं बघायला मिळतं." तळ्याला दोन फेऱ्या झाल्या की सगळे इडली खायला. साखर किती उतरली माहीत नाही, ओळखी मात्र वाढल्या.

दोन वर्षांपूर्वी शहरातल्या मोठ्या रस्त्यांची नवी आखणी निघाली. कुठेतरी सायकलींसाठी वेगळा पट्टा होणार होता. दुसरीकडे, अपघात होतात म्हणून दुभाजकांमधल्या मोकळ्या जागा बुजवणार होते. या मोकळ्या जागेला आमच्याकडे सगळे 'कट' म्हणतात. आमच्या पूर्व भागातला एक कट मला चांगला माहीत होता. रस्त्याच्या अलीकडे विणकरांची वस्ती, पलीकडे यंत्रमागांच्या शेड आणि बिडी कारखाना. सकाळी माणसं सायकलवरून त्या कटातून पलीकडे जातात, संध्याकाळी परत येतात. तो बंद झाला तर पुढच्या पुलाचा चढ चढून, ट्रक वळतात त्या चौकातून उलटं फिरून यायचं.

रस्त्यांच्या ऑफिसातले इंजिनिअर तरुण होते, ऐकून घेणारे होते. आमच्या गटाला म्हणाले, "सायकली कुठल्या भागात जास्त चालतात ते लोकांना विचारून लेखी द्या. पट्टा तिथे आखू. कटाचंही त्यावरच ठरवू. मग एकदा हरकती ऐकू आणि संपवू."

डॉक्टरांनी प्रश्नावली तयार करून आणली. पहिला प्रश्न होता, 'तुम्ही सायकल वापरता का?' साधा, सरळ. पण तो वाचून माझ्या हातातला लाल पेन जागा झाला. म्हटलं, सरकारी कागद आहे, जरा वजनदार हवा. मी तिथे लिहिलं, 'आपण नियमित सायकलस्वारी करता का?' डॉक्टर म्हणाले, "वा! याला म्हणतात भाषा." मी चार दिवस खूश होते. नाकानं कांदे सोलायची सवय अशी सुटत नाही.

पूर्व भाग मी आणि डॉक्टरांनी वाटून घेतला. मागांच्या शेडमध्ये कधी गेलात का? आत शिरलं की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. मी एकेकाच्या कानाशी जाऊन ओरडायची, "सायकलस्वारी करता का?" माणूस आधी माझ्या हातातल्या फॉर्मकडे बघायचा, मग शेजारी हेल्मेट घालून उभ्या डॉक्टरांकडे, आणि जोरात मान हलवायचा. नाही. पुढचा, नाही. त्याच्या पुढचा दोन्ही हातांनी, नाही नाही. एक म्हातारे विणकर मात्र हसले आणि काहीतरी लांबलचक बोलले. मला त्यातलं एकच ऐकू आलं, 'मोहरमला'. मी शेऱ्यात लिहिलं, 'केवळ सणासुदीला'.

बाहेर आलो तर शेडच्या भिंतीला सायकलीच सायकली टेकलेल्या.

संध्याकाळी माणसं कामावरून परतल्यावर वस्तीत गेलो. एका दारात एक बाई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती. मला बघून धडपडत उठली, "बाई, तुमी?" माझीच विद्यार्थिनी. चेहरा पटकन ओळखला, कारण ही मुलगी वर्गात फार प्रश्न विचारायची. आता चाळिशीची झाली होती. घरात तिचा नवरा एक पाय सरळ लांब करून बसला होता. मागाच्या पट्ट्यात सापडून त्याचा गुडघा कायमचा ताठ झाला होता. आता तो शेडमध्ये बसून कांड्या भरायचा, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायचं काम करायचा. माझ्याकडे न बघता त्यानं नमस्कार केला. दाराशी एक उंच जुनी सायकल होती, तिच्या कॅरिअरवर जुन्या चादरीची घडी सुतळीनं घट्ट बांधलेली.

मी विचारलं, "सायकलस्वारी करतेस का गं?"

तिनं एकदा नवऱ्याकडे बघितलं. "न्हाय बाई. कदीच न्हाय."

"मग ही सायकल?"

"ती... हाय आपली. पन तसलं न्हाय काय."

परत येताना मी डॉक्टरांना समजावलं. म्हटलं, "लाज वाटते हो बिचाऱ्यांना. गाडी घ्यायची ऐपत नाही हे कबूल कसं करणार? म्हणून नाही म्हणतात." डॉक्टरांनाही पटलं. मला त्या सगळ्यांची मनापासून दया आली, आणि आपल्याला दया आली याचं थोडं बरंही वाटलं. आज ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

फॉर्म जसेच्या तसे देण्यावाचून इलाज नव्हता. पूर्व भागातून 'नाही'चा गठ्ठा गेला. तळ्याकडच्या वस्त्यांतून 'होय', 'होय', 'रविवारी नक्की'. इंजिनिअरांनी कच्चा आराखडा दाखवला. सायकलींचा पट्टा तळ्याकाठी. पूर्व भागातला कट, 'वापर आढळला नाही' म्हणून, बंद. हरकतींची सुनावणी पंधरा दिवसांनी. आमच्या गटानं त्या दिवशी इडलीवर जिलेबीही मागवली. मला जिलेबी वर्ज्य, तरी एक खाल्ली. ती गोड लागली नाही.

कारण डोळ्यांना दिसत होतं ते कागदाशी जुळेना. एका सकाळी मी तळ्याकडे जायच्या ऐवजी सायकल पूर्वेकडे वळवली आणि कटापाशी जाऊन उभी राहिले. दुभाजकाच्या कडेला सिमेंटचे ठोकळे आणून रचून ठेवले होते. भोंगा झाला तशा सायकली येऊ लागल्या. डबे लटकवलेल्या, सुताचे गठ्ठे बांधलेल्या, पुढच्या दांडीवर पोर, मागे बायको. माणसं ठोकळ्यांकडे बघत आणि पलीकडे जात. आणि त्यात ती आली, माझी विद्यार्थिनी. पदर खोचलेला, उभी राहून पॅडल मारत होती. मागे त्या चादरीच्या घडीवर तिचा नवरा एका बाजूला तोंड करून बसलेला, ताठ पाय बाजूला आडवा लांब केलेला, मांडीवर दोघांचे डबे आणि तिचं सूप.

मी हाक मारली. ती दचकली, सायकल डगमगली. नवरा घाईनं खाली उतरला, लंगडत दोन पावलं बाजूला झाला आणि तिच्याशी आपला काही संबंधच नाही असा दुसरीकडे बघत उभा राहिला. मला ते बघवलं नाही. आणि मला वाईट वाटलं की मी रागावते, तशी रागावले.

"माझ्याशी खोटं बोललीस? मी तुला विचारलं होतं, सायकलस्वारी करतेस का!"

"बाई, मग काय सांगू? पोलीस त्याच आटवड्यात चौकात धरालते की डबलसीटला. तुमच्या हातात कागद, संगट टोपीवाला सायब. तुमी सवारी इचारलाव. मी व्हय म्हनले अन् ह्येंचं कामावर जानं बंद झालं तर?"

"सवारी नव्हे! स्वारी! स्वारी म्हणाले मी!"

"त्येच की ओ. सवारी. सायकलवर मानूस बसवता का, मंजे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. टांगेवाल्यांपासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळ्या सोलापुरात सवारी म्हणजे गाडीत बसलेलं माणूस. नाहीतर मोहरममध्ये पंजांची निघते ती सवारी, तिच्यापुढे जातपात न बघता सगळे नाचतात. म्हातारे विणकर का हसले तेही आत्ता कळलं. त्यांना वाटलं, ही बाई सायकलवरून मोहरमची सवारी काढायला निघालीय. आणि मी लिहिलं होतं, केवळ सणासुदीला!

ती खाली बघत म्हणाली, "बाई, टांग्यावरच्या निबंदात मी 'तीन सवारी' लिवले होते. तुमी गोल काडून धा येळा 'स्वारी' लिवून घेतलाव. मी म्हनले, बाई, सवारी मंजे मानसं असत्यात. तुमी म्हनलाव, रस्त्यावरचं वर्गात आनू नको."

मला तो निबंध आठवला नाही. पण मी तसं म्हटलं असणार यात मला तिळभर शंका नाही.

"कट बंद झाला तर काय करशील?" मी विचारलं.

तिनं पुलाकडे बघितलं. "यकलीनं चडीन. ह्येनला घिऊन न्हाय चडत. एकदा बगितलं मी, मदीच सायकल मागं सरकालती. मागं ट्रक." मग आवाज हळू करून म्हणाली, "घरात बसून ह्ये पार खचतील, बाई. आदी सा म्हैने बसले होते तवा माज्याशीबी बोलत नव्हते." नवरा अजून पाठ करूनच उभा होता, पण ऐकत होता.

मी तिथूनच डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. ते कुणाच्या तरी दाढेत गुंतलेले. सगळं सांगितलं. त्यांनी मास्क खाली केला आणि हसायला लागले, मग माझ्याकडे बघून थांबले. म्हणाले, "मॅडम, तुम्ही एकट्या चुकला नाहीत. माझा साधा प्रश्न होता, तो मीच सोडून दिला." गटात मात्र कुरकुर झाली. एक जण म्हणाले, "आपल्याला पट्टा मिळतोय तो कशाला घालवता? चूक झाली तर झाली." मी त्यांना म्हटलं, "तुम्ही तळ्याला फेऱ्या मारून परत घरीच येता. त्या लोकांना कुठंतरी पोचायचं असतं." त्यांनी आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. बरंच झालं, ते फार बोलायचे.

सुनावणीच्या दिवशी मी उभी राहिले. तीस वर्षं वर्गापुढे उभी राहिले, पण 'मी चुकले' म्हणायला कधी उभी राहिले नव्हते. म्हटलं, "साहेब, पूर्व भागातले सगळे 'नाही' खोटे आहेत, पण ते लोकांनी खोटे सांगितलेले नाहीत. प्रश्न मी चुकीचा विचारला. त्यांना समजेल असं विचारायच्या ऐवजी मला शोभेल असं विचारलं." स्वारी आणि सवारीची सगळी कथा सांगितली. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. हसू दिलं.

इंजिनिअर म्हणाले, "मॅडम, तुमचं पटतं. पण कागदावर 'नाही' आहे. मी तोंडी कसं बदलू?"

"मग जरा फाटकापर्यंत चला," मी म्हटलं.

मी वस्तीत दारोदार सांगून आले होते, पण कोण येईल याची खात्री नव्हती. अर्धी मजुरी बुडवून सरकारी ऑफिसात कोण येतं? तरी भिंतीच्या कडेनं सायकली लागल्या होत्या. फार नव्हत्या, पण होत्या. म्हातारे विणकर डबा घेऊन आले होते. आणि फाटकातच पहारेकऱ्यानं माझ्या विद्यार्थिनीला अडवलं होतं, कारण ती नवऱ्याला मागे बसवून थेट आत शिरत होती.

"डबलसीट आत न्हाय जायचं," तो म्हणाला.

तिनं इंजिनिअरांना बघितलं, मला बघितलं. या वेळी नवरा उतरायला लागला तर तिनं मागे हात नेऊन त्याचं मनगट धरून ठेवलं.

"सवारी घेते मी," ती म्हणाली. आवाज चढला होता. "रोज घेते. नवरा हाय माजा. कटातनं नेते आनि कटातनं आनते. लिवा कागदावर."

इंजिनिअरांनी खरोखरच खिशातून पेन काढला. माझे डोळे भरून आले आणि ते लपवायला मी पहारेकऱ्याच्या टेबलावरच्या पाटीत शुद्धलेखनाची चूक शोधू लागले. सापडलीसुद्धा.

कट राहिला. मोटारी घुसू नयेत म्हणून तिथे लोखंडी खांब रोवले, मधून फक्त सायकल जाईल एवढी जागा. तळ्याचा पट्टाही पुढे झाला, जरा आखूड. सगळे खूश. मी सकाळी कटावर पेढे घेऊन गेले. सायकली एकामागून एक खांबांमधून निघत होत्या. आणि ती आली. खांबापाशी थांबली. नवरा उतरला, तिच्या खांद्याला धरून लंगडत खांबांमधून गेला, पलीकडे परत चढायला त्याला दोघांनी हात दिला. मागच्या सायकली खोळंबल्या, कुणीतरी घंटी वाजवली. त्याची मान पुन्हा खाली गेलेली मी पाहिली. एका बाजूला बसलेल्या माणसाचा ताठ पाय त्या जागेतून जात नव्हता. तसं कुणी मोजलंच नव्हतं. पेढे मी टोपलीतच ठेवले.

दुसऱ्या दिवशी शिवणाची टेप घेऊन गेले. आधी खांबांमधलं अंतर मोजलं, मग तिच्या नवऱ्याची परवानगी घेऊन, कॅरिअरवर बसलेल्या त्याचं, पाठीपासून टाचेपर्यंत. तो पहिल्यांदाच माझ्याशी बोलला. म्हणाला, "बाई, शर्ट शिवताव का?" बायको एवढी हसली की सायकल पडता पडता राहिली.

रात्री अर्ज लिहिला. 'या कटातून जाणाऱ्या सायकलींवर सवारी असते. सवारीचा पाय वाकत नाही. तरी मधला एक खांब काढून बाजूला रोवावा.' खाली मापं. ऑफिसातल्या कारकुनानं अर्ज घेतला, वाचला, आणि सराईतपणे पेन उघडून 'सवारी'भोवती गोल काढला.

"मॅडम, एवढं दुरुस्त करतो. शुद्ध शब्द 'स्वारी' आहे. साहेबांना अशुद्ध चालत नाही."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "तीस वर्षं शिकवलाय तो शब्द. तुम्ही 'सवारी'च ठेवा."

"पण अर्थ..."

"मला हवा तो अर्थ 'सवारी'तच आहे. तो गोल खोडा आधी."

त्यानं माझ्याकडे विचित्र नजरेनं बघितलं आणि गोल खोडला. खांब सरकवायला तीन महिने आणि माझ्या सात खेपा लागल्या.

परवा मी कटापाशी रस्ता ओलांडायला थांबले होते. समोरून ती आली. खांबांजवळ तिनं वेग कमी केला नाही. मागे तो, पाय लांब, मांडीवर डबे. खांबांमधून पाय सुखरूप गेला तसा त्यानं माझ्याकडे बघितलं, हात वर केला आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला, "बाई, सवारी निगाली!"